एक जूनची यंत्रं

माणसाला वय विचारू नये, असा शिष्टाचार आहे. यंत्राला तो लागू नाही, आणि त्याचा पुरेपूर फायदा घेणारी मंडळी जगभर आहेत. इंग्लंड-अमेरिकेत तर जुने व्हॅक्यूम क्लीनर गोळा करणारे लोक आहेत. यंत्र हाती लागलं की ते आधी उलटं करतात, पाटीवरची धूळ अंगठ्याने पुसतात, कारण धूळ खाणाऱ्या यंत्राची स्वतःची धूळ काढायला शेवटी अंगठाच लागतो, मग नंबर कोष्टकाशी ताडून बघतात आणि निकाल देतात : हा अमुक सालचा, युद्धाच्या आधीचा.

हसायचं कारण नाही. या यंत्रालाही कुळशील आहे. ह्यूबर्ट सेसिल बूथ या इंग्रज इंजिनियरने १९०१ साली काढलेलं यंत्र घोडागाडीवरून दारात यायचं, रस्त्यातच उभं राहायचं आणि खिडकीतून लांबलचक नळ्या आत सोडायचं. सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी वेस्टमिन्स्टर ॲबीतले गालिचे त्यानेच साफ केले. पुढे अमेरिकेत ओहायोतल्या एका दुकानात झाडलोट करणाऱ्या जेम्स स्पँगलर नावाच्या दमेकरी गृहस्थाने धुळीला कंटाळून हाताने ढकलता येईल असं यंत्र जुळवलं. १९०८ साली पेटंट मिळालं, ते त्याने हूवर नावाच्या चामड्याच्या व्यापाऱ्याला विकलं. नाव व्यापाऱ्याचं झालं. खोकला तेवढा स्पँगलरचा.

आमच्या वरंधला या छंदाची शाखा निघण्याची शक्यता कमी. महाडहून भोरकडे निघालात की बिरवाडी मागे पडते आणि घाट सुरू व्हायच्या आधी वरंध येतं. इथे चार महिने पाऊस पडतो, म्हणजे धुळीचा प्रश्न निसर्गानेच निम्मा सोडवलेला. उरलेल्याला हिराची केरसुणी पुरते. तरी एका घरात व्हॅक्यूम क्लीनर आला होता, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. मुंबईतल्या मुलाने जागा बदलली, नव्या जागेत सुनेला नवं यंत्र हवं होतं, आणि मुंबईत नकोशा झालेल्या वस्तूला गावचं घर हा कायमचा पत्ता असतो. मोडकी खुर्ची, एका दाराचं कपाट, जुना टीव्ही, सगळं लाल डब्याने नाहीतर टेम्पोने इथे येतं. तसा तोही आला. माजघरात लावला. जमीन सारवलेली. दोन मिनिटांत त्याने सारवणाचे पापुद्रे खेचायला सुरुवात केली. आजी दारातून ओरडल्या, ‘अरे बंद कर मेल्या, भुई खातंय ते!’

पण कोकणातलं घर वस्तू फुकट घालवत नाही. नळी मागच्या तोंडाला लावली की यंत्र हवा ओढायच्या ऐवजी फुंकतं, हा शोध घरातल्या पोराने लावला आणि त्या दिवसापासून ते चुलीपाशी बसलं. ओल्या लाकडांना अशी फुंकणी अख्ख्या पंचक्रोशीत नव्हती. पहिल्या दिवशी राख छपरापर्यंत गेली, पण मग अंदाज आला. लाइट असेपर्यंत चूल भडभडून पेटायची. लाइट गेली की पितळी फुंकणी होतीच.

त्याचं वय मात्र कुणी विचारलं नाही. मुंबईतही घरोघरी हे यंत्र पोचलं ते उशिराच. युरेका फोर्ब्स १९८२ साली सुरू झाली आणि टाय लावलेले तरुण जिने चढून, तुमच्याच गादीतली तुमचीच धूळ काढून तुम्हाला दाखवू लागले. योगायोग असा, की त्याच १९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला आणि महाड-पोलादपूरकडचे कितीतरी गिरणी कामगार पत्र्याची ट्रंक उचलून गावी परतले. एका मुंबईच्या दारात विक्रेता उभा होता, दुसरी मुंबई दाराला कुलूप लावत होती. या ट्रंकांकडे पुढे यायचंच आहे.

वरंधमध्ये वय विचारलं जातं ते शिवणाच्या मशीनचं. नुसतं मशीन म्हटलं तरी इथे तेच. त्यातही सिंगरचं असेल तर विचारूच नका. घरात जमिनीचा सातबारा सापडणार नाही, पण सिंगर कुणी, कुठून, किती हप्त्यांत आणलं, याची बखर तोंडपाठ. हप्त्याची सोय हे या कंपनीचं खरं यंत्र. आयझॅक मेरिट सिंगरचं पेटंट १८५१ चं, आणि पाचेक वर्षांतच त्याच्या भागीदाराने, एडवर्ड क्लार्कने, थोडे पैसे आधी द्या, बाकीचे शिवून फेडा, हा मार्ग काढला. एकोणिसावं शतक संपायच्या आत मुंबईत नसरवानजी मेरवानजी पटेल हे पारशी गृहस्थ सिंगरचे हिंदुस्थानातले एजंट म्हणून जम बसवून होते. तिथून मशीन डोक्यावरून, बैलगाडीतून, गलबतातून कोकणात उतरलं.

मला नंबर वाचता येतो, हे एकदा गावात फुटलं आणि तेव्हापासून श्रावणात पूजेला आणि एरवी मशीनला बोलावणं येतं. नंबर असतो मशीनच्या उजव्या अंगाला, चाकाच्या खाली, बैठकीच्या लोखंडावर ठोकलेला. शिलाईवालीला तो कधी दिसत नाही, कारण तिथे वर्षानुवर्षांचं तेल, सुताची लव आणि खडूची भुकटी यांचं मिळून एक काळं लिंपण बसलेलं असतं. बोळ्याला थोडं रॉकेल लावून हळूहळू पुसत गेलं की आधी एखादं अक्षर वर येतं, मग आकडे. १९०० च्या आधीच्या मशीनवर नुसते आकडे. नंतरच्यावर अक्षर, आणि अक्षरातच माहेर कळतं. एफ किंवा वाय दिसलं तर स्कॉटलंडमधल्या ग्लासगोजवळचा क्लाइडबँकचा कारखाना, जी दिसलं तर अमेरिकेतलं न्यू जर्सी. वाय साधारण १९२० च्या दशकातलं आणि तिशीच्या पूर्वार्धातलं. तिशीच्या मध्यानंतर क्लाइडबँकने ईने सुरू होणारी दोन-दोन अक्षरं घेतली. ईई म्हणजे महायुद्ध संपतानाचं आणि त्यानंतरचं, ईएच म्हणजे पन्नाशीच्या अगदी सुरुवातीचं. आपल्याकडच्या कोकणी घरांत उजव्या अंगाला पुसून बघितलं तर बहुतेक वेळा वाय किंवा ई यांच्याशी गाठ पडते.

तो क्लाइडबँकचा कारखाना म्हणजे साधं प्रकरण नव्हतं. १८८५ पर्यंत उभा राहिला. त्याच्या मनोऱ्यावर चार तोंडांचं घड्याळ होतं, ते त्या काळी जगातलं सगळ्यात मोठं असल्याचं सांगत. पहिल्या महायुद्धाआधी तिथून वर्षाला दहा लाखांहून जास्त मशिनं बाहेर पडत. घड्याळ साठीच्या दशकात पाडलं, कारखाना १९८० साली बंद झाला. आता तिथे उरलंय एक रेल्वे स्टेशन. त्याचं नाव अजून सिंगर आहे.

वाडीतल्या एका आत्यांकडे असंच बोलावणं आलं. मशीन सुरेख. काळं, सोन्याची वेलबुट्टी अजून शाबूत, फक्त जिथे उजव्या मनगटाचा भाग सतत टेकतो तिथली वेल पुसून लोखंड चांदीसारखं झालेलं. आत्यांनी आधीच सांगून टाकलं, ‘सत्तावनच्या बंडाच्या आधीचं आहे हो. लिहिलंच आहे त्याच्यावर.’ आणि खरंच लिहिलं होतं. मशीनच्या खांबावरच्या गोल पितळी बिल्ल्यावर, निळ्या कडेत, १८५१ ते १९५१. आत्यांनी पहिला आकडा वाचला होता आणि दुसरा सोडून दिला होता, जसा आपण रेल्वेच्या वेळापत्रकात सुटण्याची वेळ वाचतो आणि पोचण्याची देवावर सोडतो. हा बिल्ला सिंगरने शंभरी साजरी करताना काढलेला. म्हणजे मशीन १९५१ च्या आसपासचं. नंबर पुसला, तर ईएच. दोघांची साक्ष जुळली.

हे आत्यांना सांगायचं कसं, हा प्रश्न होता. झाशीच्या राणीच्या काळातलं मशीन एका झटक्यात स्वातंत्र्यानंतरच्या काळात आणायचं म्हणजे घराण्याची शंभर वर्षं कापायची. मी जरा आवाज खाली आणून सांगितलं. आत्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, ‘बरोबरच आहे. सासऱ्यांनी आणलं तेव्हा मी लहान होते ना.’ म्हणजे खरं साल त्यांना ठाऊकच होतं. बंडाच्या आधीचं हे नुसतं पाहुण्यांसाठी होतं.

नंबर वाचणाऱ्यांची आणखी एक फसगत असते. मशीनच्या सरकत्या चकचकीत पट्टीवर पेटंटच्या तारखा असतात. १८८७, १८९२ असं काहीतरी दिसतं आणि माणूस आनंदाने ओरडतो. ती तारीख कल्पनेची, मशीनची नव्हे. त्या तारखा वर्षानुवर्षं तशाच उमटत राहायच्या.

आता खरी गंमत. सिंगरच्या कारखान्यांत वह्या ठेवलेल्या होत्या आणि त्यांतल्या कितीतरी अजून आहेत. क्लाइडबँकच्या तिकडच्या नगरपालिकेच्या संग्रहात, अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याच्या ऐतिहासिक सोसायटीत. त्या वहीत अमुक तारखेला अमुक नमुन्याच्या मशिनांसाठी नंबरांचा एक गठ्ठा, कधी दहा हजारांचा, कधी पन्नास हजारांचा, राखून ठेवल्याची नोंद असते. म्हणजे वहीतली तारीख नंबर वाटून दिल्याची. त्या गठ्ठ्यातलं शेवटचं मशीन जमायला पुढे कितीही महिने लागोत, जन्मतारीख सगळ्यांची एकच.

हे वाचलं तेव्हा मला आमच्या शाळेचं जनरल रजिस्टर आठवलं. वरंधमध्ये, बिरवाडीत, पोलादपुरात, अख्ख्या महाराष्ट्रात साठी ओलांडलेल्या माणसांना वाढदिवस विचारून बघा. एक जून. शेजाऱ्याचा? एक जून. त्याच्या बायकोचा? तिचाही. शाळा जूनमध्ये भरायची, पोराचं वय प्रवेशाला पुरेसं दिसायला हवं, आईला एवढंच आठवायचं की तेव्हा भात लावणी चालली होती, आणि गुरुजींना समोर रांग दिसत होती. गुरुजींनी एक जून लिहिलं. अख्ख्या गठ्ठ्याला. क्लाइडबँकचा कारकून आणि जिल्हा लोकल बोर्डाचे गुरुजी, दोघांचं दप्तर सारखंच शास्त्रशुद्ध. आज निवृत्तीच्या समारंभात एक जूनला जन्मलेल्या मास्तरांची, तलाठ्यांची आणि कंडक्टरांची एकगठ्ठा पाठवणी होते, तीही शेवटी ३१ मेला. नंबर असलेल्या प्रत्येक गोष्टीचं असं आहे. आकडा खोटं बोलत नाही, पण त्याला विचारलेल्या प्रश्नाहून वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर तो देत असतो.

आणि आपल्याला विचारायचं असतं ते वेगळंच. वस्तू जन्मली कधी, यात कारखान्याला रस. ती उंबरा कधी ओलांडून आत आली, हे घराचं साल. वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्याच्या घाटावर एक मोठी पंचधातूची घंटा आहे. तिच्यावर १७०७ हे साल आणि बाळ येशूला घेतलेली मेरी आहे. चिमाजीअप्पांनी १७३९ साली वसई घेतली तेव्हा अशा घंटा घाटावर आल्या. आता त्या घंटेचं वय कशावरून धरायचं? पोर्तुगीज ओतारी १७०७ सांगेल. मेणवलीतला पुजारी ती आपल्या देवाची म्हणून वाजवत आला. दोघेही बरोबर.

वरंधला घराचं साल आकड्यात सांगत नाहीत. पुराच्या साली. शाळेचे पत्रे उडाले त्या पावसात. थोरल्याची मुंज झाली त्याच्या मागच्या वैशाखात. म्हातारीला विचारलं की ती असं सांगते आणि तुम्ही बसा हिशोब करत. पण हिशोब लागतो. ट्रंकांमुळे लागतो.

गिरणीतून परतलेल्या त्या पत्र्याच्या ट्रंकांवर पांढऱ्या रंगात पत्ता लिहिलेला असे. मु. पो. वरंध, ता. महाड, जि. कुलाबा. हा शेवटचा शब्द पुरे. १ जानेवारी १९८१ ला, बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री असताना, कुलाबा जिल्ह्याचा रायगड झाला. म्हणजे ट्रंक त्याआधी रंगवलेली. पत्त्याखाली सहा आकड्यांचा पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरची, कारण पिनकोड त्या दिवसापासूनचा. मशीनच्या खणात दुकानाची चिठ्ठी सापडली आणि तिच्यावर किंमत आण्यांत असली तर एक एप्रिल १९५७ च्या आधीची. त्यापुढची सातेक वर्षं ‘नये पैसे’. त्यानंतर पैसे नवे राहिले नाहीत, नुसते पैसे झाले. पत्त्यात मुंबई १, मुंबई २ अशी शेपटी असेल तर पुन्हा बहुधा पिनकोडच्या आधीचं. या सगळ्या सरकारी निर्णयांचा हेतू काही का असेना, माझ्यासारख्या माणसाच्या पोटापाण्याची सोय झाली.

आणि कुणाला वाटेल की आपल्या लोकांना नोंदीचं वावडं आहे, त्याने स्वयंपाकघरातल्या मांडणीकडे बघावं. भांड्यावर नाव घालायची पद्धत जगात इतरत्र कुठे एवढी फोफावली असेल असं मला वाटत नाही. पितळेच्या घागरीवर छिन्नीने ठोकलेलं, स्टीलच्या ताटावर दुकानातल्या थरथरत्या सुईने ठिपक्याठिपक्यांनी काढलेलं. चि. सौ. कां. अमुक हिस लग्नप्रीत्यर्थ, मामांकडून सप्रेम भेट, आणि खाली तारीख, महिना, साल. हे क्लाइडबँकच्या वहीहून भारी आहे. नंबर फक्त वस्तूचा पत्ता देतो. इथे देणाऱ्याचं नाव, घेणाऱ्याचं नाव, नातं आणि दिवस एका ओळीत. ऐपतही कळते. मामांनी पराती दिल्या की पेले, हे पन्नास वर्षांनी वाचता येतं आणि वाचून दाखवलंही जातं. एका घरी मी एका पेल्यावरचं नाव वाचलं तर वहिनी म्हणाल्या, ‘तो आमचा नव्हे, कुठल्याशा पंगतीत अदलाबदल झाली.’ त्या घरातला त्यांचा पेला आता कुठल्या तरी दुसऱ्या घरी वाचला जात असणार.

सिंगरच्या बाबतीत एक गोष्ट राहिली. १९२४ साली गांधीजींना कुणी विचारलं, तुमचा यंत्राला सरसकटच विरोध का? त्यांनी सिंगरच्या शिवणयंत्राचा अपवाद केला, आणि का, तर सिंगरने म्हणे बायकोला हाताने टाके घालून दमताना पाहिलं आणि तिच्यावरच्या प्रेमापोटी यंत्र काढलं. इतिहासातला सिंगर जरा वेगळा निघतो. तो एकेकाळचा नट, एका वेळी एकापेक्षा जास्त संसार चालवणारा, मुलं वीसच्या वर. प्रेमाला तोटा नव्हता, एवढं खरं. पण गांधीजींच्या मनातलं मशीन आणि आमच्या आत्यांचं मशीन एकच होतं. नवरा गिरणीत, मनीऑर्डर वेळेवर येईल न येईल, आणि गावात परकर-पोलकं शिवून पोरांच्या वह्यांचे पैसे उभे करणारी बाई, हे चित्र या खोऱ्यातल्या कितीतरी घरांनी बघितलं आहे. ते मशीन सिंगरने कुणाच्या प्रेमापोटी काढलं, याची तिला पंचाईत नव्हती.

इथे नंबराचं महत्त्व थोडं जास्तच आहे, त्याला कारण पाऊस. जुलै २०२१ च्या पुरात महाडच्या बाजारपेठेत पाणी शिरलं ते दुकानंच्या दुकानं बुडवून गेलं. पावत्या, गॅरंटीकार्डं, वह्या, फोटो, सगळ्याचा लगदा. ज्यांनी ते दिवस काढले त्यांच्यापुढे जुन्या मशीनचं साल ही काही गोष्ट नव्हे. पण चिखलातून काढलेली मशिनं धुऊन, तेल घालून पुन्हा फिरवणारी माणसंही तिथेच होती, आणि त्या मशिनांचे कागद नसले तरी लोखंडावर ठोकलेला आकडा जागच्या जागी होता. कोकणात कागदाला पाऊस आणि वाळवी असे दोन वैरी आहेत. जे ठोकलं ते टिकलं.

म्हणून एक विनंती. घरात जुनं मशीन, घड्याळ, रेडिओ, काहीही असेल तर भंगारवाल्याची हाक ऐकू येण्याआधी त्याचा नंबर लिहून ठेवा. त्याखाली ते घरात कधी आलं हेही लिहा, आणि ते सांगणारं माणूस घरात असेल तर आजच विचारा. ‘शाळेचे पत्रे उडाले त्या पावसात’ असं उत्तर आलं तरी तसंच लिहा. आकडे स्पष्ट दिसावेत म्हणून पॉलिशपेपर मारू नका, त्याने आकडेच जातात. नवा काळा रंगही देऊ नका. आणि मशीनमध्ये खोबरेल तेल तर मुळीच घालू नका. ते थंडीत थिजतं, नंतर चिकटून बसतं आणि चाक फिरायचं थांबतं. मशीनचं तेल किराणावाल्याकडेही मिळतं.